वस्तू, खूण आणि प्रतीक

मराठी समीक्षेत ‘प्रतीक’ हा शब्द आज इतका रुळला आहे की, त्याच्या मूळ अर्थाची आठवण सहसा कोणाला होत नाही. संस्कृतात प्रतीक म्हणजे अवयव, अंग. अमरसिंहाने आपल्या कोशात अंग आणि अवयव यांच्या पंक्तीलाच हा शब्द बसविला आहे. पुढे टीकाकारांच्या परिभाषेत त्याला आणखी एक अर्थ आला. श्लोकाचे विवरण करताना टीकाकार सबंध श्लोक पुन्हा लिहीत नाही. त्याचे पहिले एकदोन शब्द तेवढे देतो आणि उरलेले वाचकाने मनात भरून घ्यावयाचे असते. अशा उद्धृत शब्दांनाही प्रतीक असेच म्हणतात. दोन्ही अर्थांत सूत्र एकच आहे : अंश डोळ्यांपुढे असतो आणि पूर्ण वस्तू त्याच्या मागे उभी असते.

पाश्चात्त्य भाषांत ज्या शब्दाबद्दल ‘प्रतीक’ हा पर्याय योजला जातो, त्या मूळच्या ग्रीक ‘सिम्बोलॉन’ शब्दाचा इतिहासही असाच बोधप्रद आहे. परस्परांशी स्नेहाचे किंवा कराराचे नाते जोडणारे दोन पुरुष एखादी वस्तू मोडून तिचा एकेक तुकडा आपल्याजवळ ठेवीत. पुढे कधी त्यांची किंवा त्यांच्या वंशजांची गाठ पडली, तर तुकड्याशी तुकडा जुळवून ओळख पटविली जाई. म्हणजे ‘सिम्बोलॉन’ ही आरंभी कल्पना नव्हती. हातात धरता येईल अशी वस्तू होती, आणि तिचा अर्थ ती एकटी असताना पुरा होत नव्हता. तो दुसऱ्याच्या हातातील तुकड्यावर अवलंबून होता.

कथेतील आणि चित्रपटातील वस्तूंना अर्थ कसा प्राप्त होतो, या प्रश्नाचा विचार करताना ही व्युत्पत्ती विसरता कामा नये. कारण या विषयात एक सोपी चूक वारंवार होते. घड्याळ म्हणजे काळ, दिवा म्हणजे ज्ञान, पिंजरा म्हणजे बंधन, अशी एक सूची मनाशी धरली जाते आणि कथेत ती वस्तू आली की सूचीतील अर्थ तिच्यावर चिकटविला जातो. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांपासून चित्रपटपरीक्षणांपर्यंत ही पद्धत दिसते. तिच्यामुळे वाचनाचे श्रम वाचतात हे खरे. परंतु त्याबरोबर कथाही हातची जाते. वस्तूला अर्थ कोशातून मिळत नाही, कथेतून मिळतो. तो कसा मिळतो हे काही प्रत्यक्ष उदाहरणांच्या साहाय्याने पाहावयाचे आहे.

१. तीन प्रकारचे नाते

वस्तू आणि तिचा अर्थ यांच्यातील नाते सर्वत्र सारखे नसते. धूर दिसला की अग्नीचे अनुमान होते. येथे धूर आणि अग्नी यांच्यात कार्यकारणाचा संबंध आहे. तो कोणी ठरविलेला नाही. नैयायिक अशा धुराला ‘लिंग’ म्हणतात. ओल्या मातीतील पावलाचा ठसा, भिंतीवरील काजळी, फाटलेल्या पदराचा बाभळीवर अडकलेला धागा ही सारी याच जातीची उदाहरणे होत. मराठीत यांना ‘खूण’ हा शब्द उत्तम लागू पडतो.

दुसरे नाते संकेताचे आहे. सौभाग्यवतीच्या कपाळावरील कुंकवात असे काहीही नाही की, ज्यामुळे ते पाहणाऱ्याला तिच्या नवऱ्याच्या हयातीचे ज्ञान आपोआप व्हावे. समाजाने तसे ठरविले म्हणून तसा अर्थ होतो. भाषेतील शब्द आणि त्यांचे अर्थ यांचे नाते याच प्रकारचे असते, हे फेर्दिनां द सोस्यूर या स्विस भाषाशास्त्रज्ञाच्या १९१६ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांपासून भाषाशास्त्रात पायाभूत मानले गेले आहे. चार्ल्स पर्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने सादृश्यावर आधारलेली, प्रत्यक्ष संबंधावर आधारलेली आणि संकेतावर आधारलेली अशी चिन्हांची त्रिविध विभागणी केली, तीही येथे उपयोगी पडते.

तिसरे नाते कथेतील प्रतीकाचे. ते वरील दोहोंपैकी कोणत्याही एका कोटीत पुरते बसत नाही. कथेतील वस्तू बहुधा आरंभी केवळ वापरावयाची वस्तू असते. मग ती कोणाची तरी खूण बनते. आणि कथेच्या ओघात तिच्याभोवती एक असा संकेत निर्माण होतो, जो त्या कथेच्या बाहेर कोठेही चालत नाही. संकेत हा समाजाचा असतो; प्रतीकाचा संकेत त्या एका कृतीपुरता, लेखक आणि वाचक या दोघांतच ठरलेला असतो. तो ठरण्यास काही पाने किंवा काही मिनिटे जावी लागतात, आणि ती पाने वाचल्यावाचून तो कळत नाही.

मराठीच्या व्याकरणातच या प्रवासाचा माग लागतो. कथेत प्रथम ‘एक अंगठी’ येते. दुसऱ्यांदा ती ‘ती अंगठी’ होते. ‘एक’ हा शब्द वस्तूला तिच्या जातीत ठेवतो. ‘ती’ हा शब्द तिला जातीतून वेगळी काढून मागच्या प्रसंगाशी बांधतो. प्रतीक होण्याची पहिली पायरी हीच होय. ज्या वस्तूला कथेत कधीच ‘ती’ म्हणावे लागत नाही, ती वस्तू पार्श्वभूमीच्या पलीकडे जात नाही.

२. अंगठी : ओळख आणि अविश्वास

या दृष्टीने कालिदासाचे ‘अभिज्ञानशाकुंतल’ हे नाटक आदर्श म्हणता येईल. त्याच्या नावातच वस्तू आहे, कारण ‘अभिज्ञान’ म्हणजे ओळख पटविणारी खूण. ही अंगठी कालिदासाने स्वतः आणली आहे. महाभारताच्या आदिपर्वातील शकुंतलोपाख्यानात अंगठी नाही आणि शापही नाही. तेथे दुष्यंताला सारे स्मरत असते. लोकापवादाच्या भयाने तो ओळख नाकारतो आणि शेवटी आकाशवाणी साक्ष देते. कालिदासाने आकाशातील साक्षीदार काढून एक धातूची वस्तू साक्षीला उभी केली. या बदलाने कथेचा सारा गुरुत्वमध्य हलला.

अंगठी नाटकात येते ती मात्र ओळख पटविण्यासाठी नव्हे, ओळख लपविण्यासाठी. पहिल्या अंकात शकुंतलेला सख्यांच्या ऋणातून सोडविण्याच्या निमित्ताने दुष्यंत अंगठी पुढे करतो. तिच्यावरील नाव वाचून सख्या चकित होतात, तेव्हा ती राजाकडून मिळालेली आहे असे सांगून तो वेळ मारून नेतो. म्हणजे जी वस्तू पुढे सत्याचा पुरावा म्हणून मागितली जाणार, तिच्याशी आरंभीच एक लहानसे असत्य जोडलेले आहे.

निघताना हीच अंगठी तो शकुंतलेच्या बोटात घालतो आणि नावातील एकेक अक्षर दररोज मोजण्यास सांगतो. अक्षरे संपतील तोवर तिला न्यायला माणूस येईल. दुष्यंत हे तीन अक्षरांचे नाव. येथे अंगठीवरील नाव हे नाव राहात नाही, ते दिवस मोजण्याचे साधन होते, आणि अक्षरे संपूनही कोणी येत नाही तेव्हा तेच नाव मोडलेल्या वचनाचे माप ठरते. ही गोष्ट प्रेक्षकाला कळते ती मात्र सहाव्या अंकात, पश्चात्तापाने होरपळणाऱ्या राजाच्या तोंडून. अर्थ असा मागाहून, उलट्या दिशेने वस्तूत भरला जातो.

पाचव्या अंकात शकुंतला अंगठी दाखवू जाते, तो बोट रिकामे. शचीतीर्थाला वंदन करताना ती पाण्यात गळून पडलेली असते. सहाव्या अंकाच्या आरंभी ती रोहित माशाच्या पोटात सापडते आणि राजपुरुष कोळ्याला चोर समजून दटावीत असतात. ज्या मुद्रेअभावी राजसभेत एका स्त्रीवर विश्वास ठेवला गेला नाही, तीच मुद्रा जवळ असल्यामुळे एका गरीब माणसावर चोरीचा आळ येतो. खूण असणे आणि नसणे या दोन्ही स्थितींत दुर्बळालाच उत्तर द्यावे लागते, ही गोष्ट कालिदासाने कोणतेही भाष्य न करता नुसत्या शेजारी ठेवलेल्या दोन प्रसंगांनी दाखविली आहे.

अंगठी मिळताच राजाला स्मरण होते. तो प्रथम तिलाच दोष देतो. पण लगेच त्याच्या ध्यानात येते की, अचेतन वस्तूला गुण कळले नाहीत तर नवल नाही, आपण तर सचेतन होतो. वस्तूवर लादलेली जबाबदारी या क्षणी माणसाकडे परत येते.

परंतु नाटकाचा खरा कळस सातव्या अंकात आहे. पुनर्भेटीनंतर दुष्यंत अंगठी पुन्हा शकुंतलेच्या बोटात घालू पाहतो, तेव्हा आपला तिच्यावर विश्वास नाही, ती आर्यपुत्रांनीच वापरावी, असे ती म्हणते. ॲरिस्टॉटलने आपल्या काव्यशास्त्रात ओळख पटण्याचे प्रकार सांगताना बाह्य खुणांनी पटणारी ओळख सर्वांत कमी कलात्मक मानली आहे. शकुंतलेचे हे लहानसे वाक्य त्या आक्षेपाचे उत्तरच होय. नाटकभर जिला ‘अभिज्ञान’ म्हटले, ती वस्तू अखेरीस नायिकेने नाकारली आहे. तिने पतीला स्वीकारले. पण प्रेमाला पुराव्याची गरज पडावी, ही व्यवस्था मात्र स्वीकारली नाही.

१८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि मराठी संगीत नाटकाचा पाया घातला, तोही याच कथेवर. त्यामुळे मराठी प्रेक्षकाच्या मनात ही अंगठी सुमारे दीड शतक वावरत आहे.

३. अलंकार : प्रेम आणि पुरावा

वस्तू ज्याच्या हातात जाते त्याप्रमाणे तिचा अर्थ बदलतो, हे शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त अधिक ठळकपणे दिसते. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून रडत असतो. त्याच्या वाट्याला मातीची गाडी आलेली असते. वसंतसेना ही तुझी आई, असे दासी त्याला सांगते. मूल म्हणते, ही आई असती तर हिच्या अंगावर दागिने कसे असते? वसंतसेनेच्या डोळ्यांत पाणी येते. ती अंगावरचे अलंकार उतरवून मातीच्या गाडीत भरते आणि यांची सोन्याची गाडी करून घे म्हणून सांगते.

या क्षणी ते अलंकार वात्सल्याची वस्तू आहेत. त्याचबरोबर एका गणिकेने कुलस्त्रीच्या जागी क्षणभर उभे राहण्यासाठी दिलेले ते मोल आहे. पुढे ते परत करावयास निघालेल्या मैत्रेयाच्या काखेतून भर न्यायसभेत खाली पडतात आणि चारुदत्ताने वसंतसेनेचा खून केला या आरोपाचा पुरावा ठरतात. वस्तू तीच, तिच्यात कणभर फरक झालेला नाही. मुलाच्या गाडीत ती प्रेम होती, न्यायसभेत ती गुन्हा झाली. तेथे वसंतसेनेच्या आईला हे अलंकार तुझ्या मुलीचे काय, असे विचारले जाते, तेव्हा ती म्हणते की, सारखे दिसतात खरे, पण ते नव्हेत. खुणेचे वाचन चुकले तर माणसाचा जीव जाईल, हे त्या न्यायसभेत त्या वृद्धेने जितके ओळखले, तितके दुसऱ्या कोणी ओळखले नाही.

शूद्रकाने नाटकाला नाव दिले ते सोन्याचे नव्हे, मातीच्या गाडीचे. ज्या वस्तूची बाजारात काही किंमत नाही, तिच्यातून कथेतील सर्व मौल्यवान वस्तू एकदा जातात आणि बदलून बाहेर पडतात.

४. चिमटा : बोलण्याने झालेले रूपांतर

प्रेमचंदांची ‘ईदगाह’ ही १९३३ सालची कथा या विषयाची आणखी एक बाजू दाखविते. हामिद या अनाथ मुलाजवळ जत्रेसाठी तीन पैसे आहेत. बरोबरीची मुले मातीचे शिपाई, भिश्ती, वकील घेतात. हामिद लोखंडाचा चिमटा घेतो, कारण तव्यावरची भाकरी उतरविताना आजी अमीनाची बोटे भाजतात. परतताना मुले त्याची थट्टा करतात, तेव्हा तो बोलून त्या चिमट्याला निरनिराळी रूपे देतो : खांद्यावर ठेवला की बंदूक, हातात घेतला की फकिराचा चिमटा, वाजविला की वाद्य.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा प्रसंग फार महत्त्वाचा आहे. चिमट्याचा आकार बदलत नाही. हामिदचे वाक्य बदलते. खेळण्यांचा अर्थ त्यांच्या आकाराने बांधलेला आहे. शिपाई शिपाईच राहतो, आणि पडला की फुटतो. चिमट्याला ठरीव अर्थ नाही, म्हणून तो मुलाच्या शब्दांत वाटेल ते होऊ शकतो. कथेच्या शेवटी मात्र ही सारी रूपे गळून पडतात. आजीच्या हातात तो पुन्हा चिमटाच होतो आणि त्याच क्षणी तिचा राग विरून डोळ्यांतून आसवे वाहू लागतात. सर्वांत मोठा अर्थ वस्तू सर्वांत साधी झाली तेव्हा प्रकटला आहे.

येथे भारतीय साहित्यशास्त्रातील एक भेद स्मरणीय आहे. लक्षणेत मुख्यार्थाचा बाध होतो; शब्दाचा नेहमीचा अर्थ जमत नाही म्हणून दुसरा घ्यावा लागतो. व्यंजनेत तसे होत नाही. वाच्यार्थ जागच्या जागी राहतो आणि त्याच्या आधाराने व्यंग्यार्थ उजळतो. नवव्या शतकातील आनंदवर्धनाने यासाठी दिव्याचा दृष्टांत दिला आहे : ज्याला प्रकाश हवा आहे त्याला ज्योतीची काळजी घ्यावीच लागते. कथेतील वस्तूचे प्रतीकत्व हे व्यंजनेच्या जातीचे आहे. चिमटा हा आधी भाकरी उतरविण्याच्या उपयोगाचा असला पाहिजे. तो उपयोग खोटा पडला तर प्रेमही खोटे पडेल. सूचीतून अर्थ लावणारा वाचक प्रकाशाच्या घाईत ज्योतच विझवून टाकतो.

५. चित्रपट : ‘ही’ वस्तू

चित्रपटात हा प्रश्न वेगळे रूप घेतो. ‘सायकल’ हा शब्द एका जातीचा वाचक आहे. पडद्यावर मात्र जात दाखविता येत नाही. तेथे दिसते ती विशिष्ट रंगाची, विशिष्ट झिजेची एकच सायकल. भाषेला ‘एक’पासून ‘ती’पर्यंत यावे लागते, कॅमेऱ्याजवळ आरंभापासून ‘ही’ असते. त्यामुळे लेखकापुढे सामान्यातून विशेषाकडे येण्याचे काम असते, तर दिग्दर्शकापुढे विशेषातून सामान्याकडे जाण्याचे.

हे काम दोन चित्रे शेजारी ठेवून साधते, हे रशियात १९२० च्या सुमारास लेव कुलेशोव्हने केलेल्या प्रयोगावरून प्रसिद्ध झाले. पुदोव्हकिनने सांगितलेल्या वृत्तांतानुसार, मोझ्झुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा तीन वेळा वापरण्यात आला. त्याला एकदा सूपच्या वाडग्याचे, एकदा शवपेटीतील स्त्रीचे आणि एकदा खेळणाऱ्या लहान मुलीचे दृश्य जोडले गेले. प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यात तीन वेगळे भाव दिसले. चेहरा वस्तूकडून अर्थ घेतो, त्याप्रमाणे वस्तूही चेहऱ्याकडून घेते. वाक्यातील शब्दाप्रमाणे दृश्याचा अर्थही त्याच्या शेजारावर अवलंबून असतो.

व्हित्तोरिओ दे सिका यांचा ‘बायसिकल थीव्हज’ (१९४८) हा याचा उत्तम नमुना होय. युद्धोत्तर रोममधील बेकार आंतोनियोला भित्तिपत्रके चिकटविण्याचे काम मिळते. अट एकच, सायकल हवी. ती गहाण पडलेली असते. पत्नी मारिया घरातील चादरी गहाण ठेवून ती सोडविते. त्या वेळी गहाणदुकानातील नोकर चादरींचे गाठोडे घेऊन मांडणीवर चढू लागतो आणि कॅमेरा त्याच्याबरोबर वर जातो; तेथे तशाच गाठोड्यांच्या रांगांवर रांगा रचलेल्या दिसतात. एका घरची अडचण त्या एका हालचालीत सबंध शहराची होते. विशेषातून सामान्याकडे जाण्याचे याहून साधे उदाहरण क्वचितच आढळेल.

पहिल्याच दिवशी सायकल चोरीला जाते. तिच्यावर ‘फिदेस’ हे नाव आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ विश्वास किंवा श्रद्धा. हा तपशील जाणणाऱ्याला अर्थाची एक छटा अधिक मिळते. न जाणणाऱ्याचे काही अडत नाही, कारण सायकल म्हणजे नोकरी आणि नोकरी म्हणजे भाकरी हे समीकरण तोवर पक्के झालेले असते. अखेरीस फुटबॉलच्या मैदानाबाहेर उभ्या असलेल्या शेकडो सायकलींपुढे आंतोनियो येतो. ‘ती’ सायकल शोधणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आता ‘कोणतीही’ सायकल आहे. तो एक चोरतो आणि पकडला जातो. लहानगा ब्रूनो ते पाहतो. मूळ इटालियन शीर्षकात चोर आणि सायकली ही दोन्ही नामे अनेकवचनी आहेत. अमेरिकेत ते एकवचनी केले गेले, तेव्हा चित्रपटाचा अर्धा अर्थ शीर्षकातूनच गळाला. मराठीत ‘सायकलचोर’ म्हटले तर ‘चोर’ हे रूप दोन्ही वचनांत सारखेच राहते. तो एक की अनेक, हे चित्रपट पाहिल्यावरच ठरते.

१९५२ साली मुंबईत भरलेल्या भारतातील पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात हा चित्रपट दाखविला गेला. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’वर (१९५३) त्याचा ठसा मान्य केला जातो. सत्यजित राय यांनी तो १९५० साली लंडनमध्ये पाहिला होता. त्यांच्या ‘पथेर पांचाली’त (१९५५) दुर्गेवर मण्यांची माळ चोरल्याचा आळ येतो आणि ती नाकारते. तिच्या मृत्यूनंतर गाव सोडण्याची बांधाबांध चालली असता अपूला ती माळ सापडते. तो कोणालाही न सांगता ती तळ्यात फेकतो. पाण्यावरचे शेवाळ क्षणभर दुभंगते आणि पुन्हा मिटते. येथे माळ ही चोरीची खूण आहे आणि म्हणूनच ती नष्ट केली जाते. बहिणीविषयीची माया पुरावा बुडविण्याच्या कृतीने व्यक्त झाली आहे. त्या मिटणाऱ्या शेवाळाला कोणत्याही सूचीत अर्थ सापडणार नाही.

६. समाजाचे संकेत आणि कथेचे प्रतीक

प्रभातचा ‘कुंकू’ हा व्ही. शांताराम दिग्दर्शित चित्रपट १९३७ साली आला. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर तो आधारलेला आहे. फसवणुकीने वृद्ध विधुराच्या गळ्यात बांधली गेलेली नीरा त्याला पती मानण्यास नकार देते. या चित्रपटात दोन वस्तू समोरासमोर उभ्या आहेत. घड्याळाला वृद्ध काकासाहेबांशी जोडण्याचे काम चित्रपटाने स्वतः केले आहे. पार्श्वसंगीत टाळून प्रत्यक्ष ध्वनींवर भर दिल्यामुळे त्याची टिकटिक घराच्या शांततेत ठळकपणे ऐकू येते आणि हळूहळू त्या माणसाच्या उरलेल्या आयुष्याशी एकरूप होते. कुंकवाचा अर्थ मात्र चित्रपटाने घडविलेला नाही. तो प्रेक्षक घरूनच घेऊन आलेला असतो. चित्रपट त्या अर्थालाच प्रश्न विचारतो : ज्या नात्याला संमती नाही त्याची खूण कपाळावर का वागवावी?

येथे समाजाचा संकेत आणि कथेचे प्रतीक यांतील भेद स्पष्ट होतो. संकेत पाळावयाचा असतो. प्रतीक वाचावयाचे असते. श्रेष्ठ कलाकृती पुष्कळदा एवढेच करते की, जी वस्तू आजवर निमूटपणे पाळली गेली, ती वाचावयास लावते.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) हे कार्य आणखी पुढे गेले आहे. ‘फँड्री’ म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. गावात डुक्कर पकडण्याचे काम जब्याच्या कुटुंबाकडे आहे. म्हणजे जातीने त्यांच्यावर लादलेला संकेतच शीर्षकस्थानी आहे. जब्या गलोल घेऊन काळ्या चिमणीच्या मागावर असतो, कारण तिची राख टाकली की आवडती मुलगी वश होते अशी त्याची समजूत आहे. आरंभी गलोलीतील दगडाचा नेम स्वप्नाकडे आहे. शेवटी भर गावाच्या हसण्यात डुक्कर पकडून झाल्यावर अपमान करणाऱ्यावर तो दगड भिरकावतो, आणि तो थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. दगड हा दगडच आहे. त्याची दिशा बदलली आहे. आजवर सुरक्षित अंतरावरून पाहणारा प्रेक्षक या एका फेकीने कथेच्या आत ओढला जातो, आणि आपण हसणाऱ्यांच्या रांगेत तर नव्हतो ना, हा प्रश्न त्याला स्वतःला विचारावा लागतो. हा अर्थ ‘दगड म्हणजे विद्रोह’ अशा समीकरणात मावत नाही. चिमणीच्या मागे केलेली सगळी वणवण त्या फेकीत सामावलेली आहे.

७. परीक्षेच्या कसोट्या

वस्तू प्रतीक झाली आहे की नाही हे ठरविण्यासाठी भाषाशास्त्रातील एक साधी रीत उपयोगी पडते. एखादा ध्वनी भाषेत अर्थभेदक आहे काय हे पाहण्यासाठी त्याच्या जागी दुसरा ध्वनी घालून बघतात. ‘पान’मधील ‘प’च्या जागी ‘क’ घातला की ‘कान’ होतो. अर्थ बदलला, म्हणजे दोन्ही ध्वनी भेदक आहेत. कथेतील वस्तूलाही हीच परीक्षा लावता येते. अंगठीच्या जागी दुष्यंताने पत्र दिले असते तर? पत्र माशाच्या पोटात टिकले नसते हे तर खरेच. शिवाय बोटात घालण्याचा, गळून पडण्याचा आणि अखेर पुन्हा घालण्यास नकार देण्याचा सगळा व्यवहारच नाहीसा झाला असता. हामिदने चिमट्याऐवजी आजीसाठी मिठाई आणली असती तर प्रेम उरले असते, परंतु तिची भाजणारी बोटे त्याला रोज दिसत होती, हे उरले नसते. अदलाबदल केल्याने काही बिघडत नसेल, तर ती वस्तू केवळ सजावट होय.

दुसरी कसोटी आवृत्तीची. वस्तू पुन्हा येते तेव्हा ती पूर्वीच्याच अर्थाने आली, तर ती ठरीव चिन्ह आहे. बदललेल्या अर्थाने आली, तर प्रतीक. तिसरी कसोटी उपयोगाची. प्रतीक झाल्यावरही वस्तू वस्तू राहिली पाहिजे. सायकल चालली पाहिजे, चिमट्याने भाकरी उतरली पाहिजे. जी वस्तू अर्थ सांगण्यापलीकडे काहीच करीत नाही, ती कथेत भाषण करावयास उभी राहिलेल्या पाहुण्यासारखी परकी वाटते.

या तिन्ही कसोट्यांना उतरणारी वस्तू वाचकापुढे एक जबाबदारीही ठेवते. न्यायसभेतील अलंकार, राजसभेतील रिकामे बोट, कपाळावरील कुंकू आणि गावाने जातीवरून ठरविलेले काम ही सारी माणसांना वाचण्याची साधने म्हणून वापरली गेली, आणि प्रत्येक ठिकाणी ते वाचन घाईचे, परस्पर ठरविलेल्या सूचीवरून केलेले होते. कथा आणि चित्रपट वस्तूकडे सावकाश पाहावयास शिकवितात, याचे मोल केवळ रसास्वादापुरते नाही. मोडलेल्या ‘सिम्बोलॉन’चा दुसरा तुकडा नेहमी कोणातरी माणसाच्या हातात असतो. त्या माणसाकडे न पाहता आपल्याच हातातील तुकड्यावरून निर्णय देणाऱ्याला दुष्यंताप्रमाणे खूण सापडेल, पण उशिरा. आणि सापडल्यावरही ती बोटात घालून घ्यावयाची की नाही, हे ठरविण्याचा अधिकार शकुंतलेचाच राहील.